फक्की

आराखडा निळ्या कागदावर होता, चौघांनी धरायचा.
जमिनीवर तो मी उतरवला:
ओळंबा, सुतळीचं रीळ, फक्कीची दोन पोती
आणि दुसऱ्या टोकाला बस्तवाडचा निंगाप्पा.

"ऐवत्तारु!" तो ओरडायचा.
छप्पन्न म्हणत मी खुंटी ठोकायचो.
एकदा वारा आडवा होता, मला ऐकू आलं अरवत्तारु,
आणि सरकारचं एक दालन दहा फूट वाढलं
संध्याकाळपर्यंत.
मग इंजिनिअर आला. बराच वेळ इंग्रजीत बोलला.
आम्ही चपलांनी रेघ पुसली.
कुसळं तेवढी पांढरी राहिली.

टेकाडावरच बांधायचं, असं वरून ठरलेलं,
हमरस्त्यावरून जाणाऱ्याची मान वर व्हावी म्हणून.
होते. पुण्याहून हुबळीला जाणारे ट्रकवाले
अजून मान तिरकी करून बघतात.
हलग्यात आमच्या मोरीच्या खिडकीतून
घुमट पुरा दिसतो.
दार दिसत नाही.

वर्षातले दहा दिवस तिथं दिवे लागतात.
शहरात लॉज भरतात, कुंद्याचे भाव चढतात,
पोलिसांच्या चादरी शाळेच्या कुंपणावर वाळतात.
तेव्हा मलाही बोलावणं येतं,
खालच्या रानात मांडव आखायला.
तक्रारींची जागाही नकाशात आहे:
एक नंबर ऊसवाले, चार नंबर अंगणवाडी,
मध्ये अँब्युलन्सपुरती वाट.
इथली घोषणा टेकाडावर पोचत नाही.
आखायच्या आधी कुणीतरी वारा तपासला असणार.

यंदा अकरा नंबरला अतिथी शिक्षिका.
त्यांत आमची थोरली, वैजू.
आठ महिन्यांचा पगार अडकलाय,
डब्यात भाकरी आणि शेंगाचटणी,
वर माझाच जुना स्वेटर.
मला बघून तिनं ओळख दिली नाही.
बरं केलं. कंत्राटदार जवळच उभा होता.

निंगाप्पाचा आवाज आता बसलाय,
तरी सगळं जोर लावून तो ओरडला, "ऐवत्तारु!"

वारा नव्हता.
मी अरवत्तारुवर खुंटी ठोकली.

सुतळी हातातून सरकत गेली तशी
त्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं,
रीळ दहा फूट आणखी सोडलं,
आणि बिडी शोधायला खिसे चाचपू लागला.

मी वाकून फक्की सोडत गेलो,
जरा जाडच.