काळा टॅग

सकाळी सातला त्यांनी माझ्या कपाळावर जखम चिकटवली.
मेण, ग्लिसरीन, थोडा बीटचा रस.
लावणारी पोरगी बेल्जियमची,
जिभेचं टोक दातांत धरून काम करत होती.
"दुखतंय का?" तिने विचारलं,
मग स्वतःच हसली.

माझं नाव हेल्वे. आज मी सतरा.
सतरा नंबरचा मृतदेह, उजवा हात पोटाखाली,
दोन नंबरच्या दारापासून नऊ पावलं.
कागदावर एवढाच मजकूर.
शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं उभी होते मी,
आडवं पडायचं काम पहिल्यांदाच मिळालं.

विमान म्हणजे नुसतं लांबट पिंप,
पंख केव्हाच भंगारात गेलेले,
खिडक्यांतून धुराचं यंत्र खोकत होतं.
लहानपणी या कुंपणाकडे यायची बंदी होती.
तेव्हाचे सैनिक वेगळे, हुकमांची भाषा वेगळी,
विमान डोक्यावरून गेलं तरी आई म्हणायची, खाली बघ.
आता तेच फाटक उघडून
मला मरायला बोलावतात,
वर वाटाण्याचं सूप देतात.

भोंगा झाला.
सहा देशांचे बूट एका गवतावर.
वारा पाठीशी घ्या, कुणीतरी ओरडलं;
पण आमच्या बेटावरचा वारा
कुणाच्या पाठीशी उभा राहिलाय आजवर?
जळक्या विमानातून बारीक काळे तंतू उडतात म्हणे,
फुप्फुसात रुतून बसतात,
म्हणून सगळ्यांच्या तोंडावर मुखवटे,
आणि मुखवट्यांआडून इंग्रजी:
पोलिश इंग्रजी, ग्रीक इंग्रजी,
आमच्या पोरांची लाजरी इंग्रजी.
"वैमानिकाच्या खुर्चीला हात लावू नका"
हे वाक्य रेडिओवरून चारदा गेलं
आणि चारदा निराळंच होऊन पोचलं.
शेवटी एका बाईने हात वर करून मूठ मिटली.
सगळे थांबले.

युलोला लाल टॅग होता. त्याने फक्त ओरडायचं.
आयुष्यभर ट्रॅक्टर चालवला,
शेजारी राहून माझ्याशी चाळीस वाक्यं बोलला असेल.
तो असा ओरडला
की कुंपणावरचे कावळे उठले.
त्याला उचललं, स्ट्रेचरवर बांधलं,
पंचाने खूण केली, पुरे,
तरी तो थांबेना.
मी मेलेली. मान वळवायची नाही.
नुसतं ऐकत राहिले.

माझ्यापाशी पहिला आला तो वाकला, दोन बोटं गळ्यावर,
टॅग पाहिला, पुढे गेला.
दुसरी वाकलीसुद्धा नाही.
बरोबरच आहे, मी मनात म्हटलं,
जिवंतांची गर्दी असताना मेलेल्यांनी रांग अडवू नये.
पाठीखालचं दव मात्र
हा नियम शिकलं नव्हतं.

मग तो पोर्तुगीज पोरगा.
छातीवर नाव होतं, आन्सेल्मो.
माझ्या अंगावरून ओलांडून गेला, चार पावलांवर थबकला,
परत आला,
आणि चंदेरी चादर माझ्यावर पसरली.
कडा खांद्याखाली खोचल्या,
झोपलेल्या मुलाच्या खोचतात तशा.
ऐताह, माझ्या तोंडून निघून गेलं.
आमच्याकडे आभार असेच मानतात.
तो दचकला. मीही दचकले.

पंचाने पेन्सिलीने काहीतरी लिहिलं.
संध्याकाळी तंबूत वाचून दाखवलं:
मृतावर चादर वाया, अकरा सेकंद वाया,
त्या अकरा सेकंदांत नऊ नंबरचा रक्तस्राव.
आन्सेल्मोने मान खाली घातली.
नऊ नंबर म्हणजे आमची पोस्टातली मार्यु,
ती समोर बसून पाव खात होती.
पंच चुकला नव्हता.
मला ते कळत होतं, आणि सूप गिळवत नव्हतं.

युलोने दोन वाट्या संपवल्या.
घसा बसलेला.
कुणाला हाक मारत होतास, मी विचारलं नाही.

टॅग परत घेतात, पुसून पुन्हा वापरतात.
रजिस्टरवर सही करताना बेल्जियमची पोरगी म्हणाली,
वसंतात पुन्हा या, तुम्हाला पिवळा देऊ,
पिवळ्याला उचलून नेतात, गाडी गरम असते.
काळाच राहू दे, मी म्हटलं.
फक्त स्वेटर जाड घालून येईन.