पन्नास पौंड

चर्चच्या तळघरात, गुरुवारी संध्याकाळी,
कॉफीच्या भांड्याशेजारी वजनकाटा.
एका बॅगेत पन्नास पौंड, वर एक औंस नाही.
लॉर्ना ट्वेट मोजते: टूथब्रश दोनशे,
फुगे, मण्यांची ब्रेसलेट, जुलाबाच्या गोळ्या,
भिंत रंगवायचे रोलर अठरा.
बाहेर आयोवाचा फेब्रुवारी,
मक्याची कापलेली धाटं बर्फातून वर आलेली,
दाढी न केलेल्या गालासारखी.

मिशन ट्रिप. अकरा जण, दहा दिवस.
जालन्याच्या अलीकडचं एक गाव.
नकाशावर ते बोट ठेवतात तिथून
माझं घर नखाएवढं लांब.

म्हणून मला बोलावलंय, भाषा शिकवायला.
माझं नाव सुवार्ता. इथे सू.
हॉस्पिटलच्या बिल्ल्यावर
तेवढंच मावलं.

"देव तुमच्यावर प्रीती करतो" कसं म्हणायचं?
अकरा पेनं उघडी.
मी म्हणते, ते त्यांना पाठ आहे.
माझ्या पणजोबांना तुमच्यातलंच कुणी
लिंबाखाली सांगून गेलं, मोडक्या मराठीत,
आणि त्यांनी ते दुरुस्त करून घेतलं.
तुम्ही हे शिका:
जेवलात का?

व्हर्नन हॅल्व्हर्सन, वय एकाहत्तर, गुडघे नवे.
ळ त्याला येत नाही, ण तर नाहीच.
पण हे येतं.
पार्किंगमध्ये आपल्या कुत्र्याला
विचारताना ऐकलं मी त्याला.

भिंतीबद्दल मी काही बोलले नाही.
आमच्या शाळेची, पूर्वेकडची.
एका जानेवारीत निळी, दुसऱ्या जानेवारीत पिवळी,
मग पुन्हा निळी,
तिच्यावर सोनेरी केसांचा येशू.
माझा बाप पेंटर.
एस्टी स्टँडवरच्या पाट्या, ट्रकच्या पाठी,
कबरींवरची वचनं, अर्ध्या तालुक्याची अक्षरं त्याच्या हातची.
ते दहा दिवस तो शिडी धरायचा.
रंगवू दे, म्हणायचा, लांबून आलेत.
त्यांची गाडी वळली की पातळ ब्रश घेऊन
कडा सरळ करायचा, ओघळ पुसायचा,
येशूचा खाली घसरलेला डोळा
जागेवर आणायचा.
रोज बुडाला म्हणून आई बोलायची.
तो नाही.

आणि हेही सांगायला हवं:
एका वर्षी त्यांच्यातली एक पोरगी तापाने फणफणली,
डेब्रा की डोरीन.
आमच्या खाटेवर चार रात्री.
आईने मऊ भात भरवला, डोक्याला तेल चोळलं,
पुटपुटत राहिली, परक्याची लेक, परक्याची लेक.
बारा नाताळ तिची पत्रं आली.
सगळ्यांत भाताचं.

निघायच्या दिवशी पहाटे चारला
व्हॅनभोवती रिंगण, हातमोज्यात हातमोजे.
पाळक ग्रेडन प्रार्थना करतात
"तिथल्या लोकांसाठी".
माझा एक हात लॉर्नाच्या हातात.
तिथले लोक म्हणजे मी.
थंडीने नाक वाहतंय, पुसायला हात मोकळा नाही.
आमेन म्हटलं, जरा मोठ्यानेच.

व्हर्नन सगळ्यांत शेवटी चढला.
पायरीवरून वळला,
सू, कुणी "नाही" म्हणालं तर?
मी काही बोलेपर्यंत दार सरकलं.
काचेआड त्याचे ओठ हलत होते,
जे, व, लात.

तळघरात एक खोकं उरलंय, वजनात न बसलेलं.
त्यातला एक टूथब्रश मी घरी आणला, हिरवा.
लहानपणी मिळाला होता, थेट तसाच.
तो बापाने मागून घेतला होता.
पांढऱ्या रंगात बुडवून
अंगठ्याने केस मागे ओढायचा, सोडायचा,
बेथलेहेमच्या आकाशात चांदण्या.
थोड्या जमिनीवर, थोड्या माझ्या वहीवर,
आईच्या दांडीवरच्या लुगड्यावर तर
कितीतरी.