चिंचेनं निघतं

डोंगा पालथा घातलाय तलावाच्या पाळीवर,
खाली चार विटा, पोट उन्हाकडे;
गुरांचा डॉक्टर गाय पाडतो तपासायला, तसा.
फायबरचा आहे. संस्थेकडून आला तेव्हा पांढरा होता
असं पावतीवर लिहिलंय.
मला आठवतो तो असाच,
कमरेला तांबूस पट्टा बांधलेला.

शेवाळ निघालं. ते कुणीही काढेल,
ओलं असताना नखानंसुद्धा निघतं.
पट्टा नाही निघत.
विटकरीनं घासला, राखेनं घासला.
केवळरामनं बाजारातून संडास धुवायचं ॲसिड आणलं,
वाफ उठली, माझ्या बोटांची सालं गेली,
फायबर पिवळं पडलं तळहाताएवढं,
आणि डाग होता तिथंच,
उलट तोंड धुतल्यासारखा.

"रंग मारून टाक ना वं वरून," केवळराम म्हणाला.
पण हा रंगाखालून येतो.
बाबांनी एकदा मारला होता, निळा.
पोळ्यापर्यंत टिकला.

बाबा आता पाळ चढत नाहीत, गुडघे.
रोज संध्याकाळी खाटेवरून विचारतात,
"निघाला का व?"
मी म्हणते, निघते आहे.

मग शेवंतामावशी बकऱ्या घेऊन चालली होती
ती थांबली, माझे हात बघितले,
"घरचा तांब्याचा गुंड कायनं घासतेस, पोरी?"
एवढंच. बकऱ्या पुढे गेल्या होत्या.

चिंच.
फाल्गुनातली, मीठ लावून मडक्यात दाबलेली.
दोन मुठी भिजवल्या, कोळल्या,
चोथ्यासकट लिंपल्या पट्ट्यावर,
वर ओलं बारदान, बारदानावर दगड.
रात्री दोनदा उठून पाणी शिंपडून आले.
पाळीवर कुत्रं होतं, तेही बघत होतं
ही बाई डोंग्याला पोटीस का बांधते म्हणून.

सकाळी काथ्या फिरवला
तर डाग गेरू होऊन मनगटावरून वाहिला.
इतका सोपा, की मला रागच आला.

अर्ध्यावर आले तेव्हा दिसलं,
पट्टा एक नव्हताच.
दोन रेघा होत्या, एकमेकींत मिसळलेल्या.
एक गडद, काठाजवळ,
पालथ्या डोंग्यात ती जमिनीकडे झुकलेली.
दुसरी तिच्यापासून चार बोटं, फिकी.

फिकी माझी.
तीन वर्षं मी एकटी बसते,
पंचेचाळीस किलो, आणि ओलं जाळं.
गडद ती बाबा नि बिसनकाका, समोरासमोर,
मध्ये जाळ्याच्या ढिगावर मी, झिंगे वेचत.
बिसनकाका मिरची तोडायला तेलंगणात गेला
आणि तिकडेच कुठल्याशा गोदामाचा वॉचमन झाला.
डोंगा तेव्हा चार बोटं वर आला,
आम्हाला कुणाला कळलं नाही.
आम्ही वरून बघत होतो.

काथ्या धरून जराशी बसले.
ऊन तापायला लागलं, चिंच वाळायला लागली,
वाळली की परत धरते.
घासलं.

गुरुवारी आला तिमाजी नान्हे, पलीकडच्या टोल्याचा.
बोटांच्या पेरांनी ठकठक केलं,
पिवळ्या डागावर अंगठा फिरवला, काही बोलला नाही.
मग केवळरामकडे बघून, माझ्याकडे नाही,
"किती वजन घेते गा हा?"

उत्तर काल संध्याकाळपर्यंत लिहिलेलं होतं तिथं.

"अडीच माणसं," मी म्हणाले.

तो हसला. पैसे दोनदा मोजले,
शंभराची एक फाटकी नोट बदलून दिली,
डोंगा सरळ केला, लोटला,
आणि एकटाच बसला. दांडगा माणूस.
पाणी त्याच्या-त्याच्या जागी थांबलं,
पांढऱ्यावर, माझ्या रेघेच्या जरा वर.

जूनपासून मी साकोलीला,
मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला.
पगार महिन्याच्या महिन्याला आहे म्हणतात.

उरलेली चिंच त्या रात्री मरळच्या रश्शात टाकली.
जास्त झाली. बाबांनी डोळे मिटून खाल्लं.
"निघाला का?" त्यांनी विचारलं.
निघाला, म्हटलं.
मग बराच वेळ ते काटे काढत राहिले.