कोणी मारलं

मोचेमाडच्या सड्यावर, जांभ्याच्या कातळावर
प्लास्टिकचं घर आहे. त्यात जरबेरा राहतो.
समुद्र दिसतो तिथून, पण वारा आत येत नाही;
वाऱ्याबरोबर पांढरी माशी येते, म्हणून पडदे खाली.

मी तिथं वही लिहिते.
तारीख, औषध, किती मिली, किती पाणी,
शेवटचा रकाना: कोणी मारलं.
आमच्यात त्याला औषधच म्हणतात.
'औषध मारून झाला काय गो?'
चहा झाला काय, विचारावं तसं.

दारावर पाटी आहे:
फवारणीनंतर चोवीस तास आत जाऊ नये.
अक्षर माझंच, वळणदार.
पण गोव्याचा टेम्पो पहाटे पाचला येतो
आणि मुहूर्त कुणासाठी थांबत नाही.

आनंदी राऊळ आत गेली तेव्हा अकरा तास झाले होते.
मी मोजले होते.
नाकाला पदर, हात उघडे.
मोजे घातले की देठ हाताला कळत नाही, म्हणते.
मोजे कपाटात, चावी मालकांकडे, मालक कणकवलीत,
हे म्हणत नाही.

चारशे फुलं. प्रत्येकाला
पारदर्शक टोपडं घातलं तिनं,
धूळ लागू नये म्हणून.

मग डबा उघडून म्हणाली,
'आज सुक्या जवळ्याक वास कसो नाय?'
जवळ्याला वास नाही!
खालच्या वाडीतली मांजरं उठून येतात ज्याच्या वासाला!
आम्ही हसलो.
तिच्या ओठांतून लाळ गळायला लागली
तरी थोडा वेळ हसतच होतो.
थोडाच.

वेंगुर्ल्याचा डॉक्टर पोरसवदा.
बॅटरी मारली, तर बाहुल्या मोहरीएवढ्या.
'औषध प्यायल्या का? घरात काही झालं?'
नाही हो, फुलं काढत होती.
कुठलं औषध, विचारलं त्यानं.
मी नाव सांगितलं, मिलीसकट,
शाळेत कविता म्हणावी तसं घडाघडा.
तो माझ्याकडे बघत राहिला.

नवव्या दिवशी ती कामावर आली.
आठ खाडे मीच मांडले होते.
दुपारी मुद्दाम तिच्यासमोर डबा उघडला,
जवळा, कांदा घालून परतलेला.
ती वाकली.
'येता गो वास,' म्हणाली.
फार पटकन म्हणाली.