सहभागी क्रमांक एकतीस

निबंध छापून आला. चौदा पानं, सहा तक्ते,
शेवटी आभार : रुग्णालयाचे, मार्गदर्शकांचे
आणि सर्व सहभागींचे, एका ओळीत.

प्रश्नावली पुण्याहून मराठी होऊन आलेली.
तिच्यात होतं : तुमची कंबर दुखते का?
कधीच नाही, कधी कधी, बहुतेक वेळा, नेहमी.
तांडापेठेतल्या त्या खोलीत
देवकाबाई सांबार निवडत होत्या,
काड्या परातीत, पानं पदरात.
म्हणाल्या, "दुखते असं नाही बाई. दुखून राह्यलं."

मी 'नेहमी'वर खूण केली
आणि पुढे गेले.

आमच्याकडे सगळंच असं होऊन राहतं.
ऊन तापून राहतं, नळ येऊन राहतो,
पोरगी शिकून राहते.
पुण्याचे मित्र हसतात त्याला.
पण दुखणं राहतं म्हणजे
जुन्या भाडेकरूसारखं राहतं,
भाडं थकवून, चहाच्या वेळेला हजर.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं होतं?

शून्य ते दहा. त्यांनी आठ सांगितलं.
तीस वर्षं खड्डामागावर बसलेली कंबर.
आता माग नाही,
खड्डा बुजवून त्यावर फ्रिज उभा आहे.
आठच का, म्हटलं, तर म्हणाल्या,
"नऊवर गेलं की मी बोलत नाही.
आता बोलून राह्यली ना तुमच्याशी?"

मग भाग दुसरा, मानसिक स्वास्थ्य.
गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा आनंदी वाटलं?
"मंगळवार धरून, का मंगळवार सोडून?"

मंगळवारी रात्री चौघीजणी रमी खेळतात. पैशानं.
"मागच्या खेपेला त्या हेडाऊच्या बाईचे
बावन्न रुपये जितले मी."
हसल्या. हसताना कंबर धरली.
कंबर धरून हसत राहिल्या.

आलेखावर दोनशे बारा ठिपके.
वेदना वाढते तसं मन खाली जातं,
सीताबर्डीच्या टेकडीवरून उतरावं
तशी रेघ उतरत जाते.
आणि वर, उजव्या कोपऱ्यात, एकच ठिपका,
कुणाची तरी वाट बघत थांबलेला.
परीक्षकांनी लिहिलं : हा बिंदू वगळून पाहावा.

वगळला.
रेघ छान बसली.
तळटीप दिली, बारीक अक्षरात.
नाव देता येत नाहीच,
आणि त्यांचं तर आडनावच निनावे.

मे महिना, पारा सेहेचाळीस.
मी प्रत घेऊन गेले, का ते माहीत नाही.
पाचपावलीचा पूल चढताना
परत फिरायचं दोनदा मनात आलं.
"काम झालं ना तुमचं?"
झालं.
"बरं झालं बाप्पा." पानं उलटली, चष्म्याशिवाय.
"इंग्रजीत आहे. यात मी कुठी आहो?"
तळटीपेवर बोट ठेवलं. म्हटलं,
तुम्ही आकड्यांत बसला नाहीत.
"बसनंच तर जमत नाही मले,"
आणि पुन्हा कंबर धरून तेच हसणं.

खिडकीशी कूलर थडथडत होता.
स्टँडचा एक पाय आखूड.
"याच्या आवाजानं रातभर डोळा लागत नाही."
(तक्ता चार : झोप.
मी कूलरबद्दल कुणालाच विचारलं नव्हतं.)

त्यांनी निबंध दुमडला. आणखी एकदा दुमडला.
म्हणाल्या, "उचला थोडा तिकडून."
मी उचलला, पाणी माझ्या चपलांवर सांडलं,
वाकता येत नाही म्हणून
त्यांनी पायानंच तो सरकवला आत,
अंगठ्यानं नीट बसवला.

कूलर गप्प झाला.
वाळ्याचा वास आला एकदम.
आम्ही दोघी ऐकत राहिलो
काहीच ऐकू येत नाही ते.

निघताना, सवयीनं, दारातून विचारलं,
आज किती आहे? शून्य ते दहा?

"आज?" पत्त्यांचा जोड शोधत त्या म्हणाल्या,
"आज मंगळवार आहे."