दहापैकी

खेळाचं नाव ‘सातवी विहीर’.
किंमत दोन रियाल चारशे बैसा,
म्हणजे कोपऱ्यावरच्या टपरीत करक चहाचे चोवीस कप.
दोघा भावंडांनी चार वर्षं खपून केलेला.
भाऊ चित्रं काढतो,
बहीण राक्षसांना अक्कल देते.
हे मी सुरुवातीलाच लिहून टाकलं,
संपादकाला असली माहिती आवडते.

नायिका पाणी वाहते. खांद्यावर कावड,
आणि लढायचं ते कावडीच्या दांड्यानंच.
वार चुकवायला कोलांटी घेतली
की घागरीतलं पाणी हिंदकळतं, सांडतं,
आणि पाणी म्हणजेच आयुष्य.
जितकं पळाल तितकं मराल.
याला मी ‘कल्पक’ म्हटलं.
मग खोडलं.
‘कल्पक’ मी प्रत्येक परीक्षणात लिहितो.

फलज अल कबाईल, तिसरा मजला, चार खाटा.
जून. रात्री अकराला अडतीस अंश.
एसीचं पाणी रंगाच्या रिकाम्या डब्यात
थेंब थेंब.
आवाज बंद करून खेळतो मी,
कारण हातभर अंतरावर इस्माईल तांडेल झोपलेला असतो
आणि त्याला पहाटे चारला सोहार बंदराची बस असते.

सहाव्या विहिरीवर पहारेकरी आहे.
ताडमाड. डोक्याच्या जागी उपडा रांजण.
तोंड नाही, डोळे नाहीत,
म्हणजे मनातलं कळायची सोय नाही.
एक्केचाळीस वेळा मेलो.
मग वही ओढली आणि लिहिलं:
हा शत्रू अन्यायकारक आहे.
वार येण्याआधी कसलीही सूचना मिळत नाही.
बनवणाऱ्यांना खेळाडूच्या वेळेची किंमत नाही.
दहापैकी पाच.

लिहून बरं वाटलं.
बेचाळिसाव्यांदा मेलो.

मागे कुणीतरी पाणी पीत होतं.
इस्माईल. बनियन, लुंगी, हातात बाटली.
किती वेळ उभा होता कोण जाणे.
तो रिगर आहे. क्रेनवाला वर, काचेच्या खोलीत,
त्याला खालचं काही ऐकू येत नाही.
खालून इस्माईलचा हात बोलतो:
उचल. थांब. हळू. अजून हळू.
सतरा वर्षं.

“काठी काय बघतोस रे,” तो म्हणाला,
“डावा खांदा बघ त्याचा.
ओझं हलायच्या आधी खांदा सांगतो.”

बघितला.
दोन ठिपके.
पडद्यावरचे दोन ठिपके खाली येतो तो खांदा,
श्वासाएवढा वेळ,
प्रत्येक वाराआधी, न चुकता.
बेचाळीस वेळा आला होता.
कुठल्यातरी गावात, कुठल्यातरी रात्री
त्या बहिणीनं तो दोन ठिपके खाली ओढला असेल,
पुन्हा वर नेला असेल, पुन्हा खाली,
आणि विचारलं असेल भावाला, दिसतं का?

मला दिसलं नव्हतं.
नाचता येईना, आणि अंगण वाकडं म्हणून
मी सहीसुद्धा करून मोकळा झालो होतो.

पुढच्या खेपेला कोलांटी घेतली नाही.
उभा राहिलो. खांदा उतरला,
दांडा आडवा धरला.
टोला बसला, घागरी हलल्या,
पाणी काठाशी येऊन
परत आत गेलं.

“बघितलंस?” म्हणून वळलो
तर तो केव्हाच भिंतीकडे तोंड करून झोपला होता.

तो परिच्छेद काढला. अख्खा.
शब्दाला पाच बैसा मिळतात मला,
गेले ते गेले.
तिथं खांद्याबद्दल लिहिलं,
आणि ज्यानं दाखवला त्याच्या धंद्याबद्दल एक ओळ,
जी संपादक बहुतेक कापेल.
सातव्या विहिरीत काय आहे
ते परीक्षकानं सांगू नये.
मला तरी अजून नीट कळलेलं नाही.
सामानाची पिशवी अडचणीची आहे, नकाशा भिकार,
हेही लिहिलं. खरं ते खरं.
आठ दिले. साडेआठ केले. परत आठ.

पावणेचारला त्याचा गजर
वाजायच्या आधीच त्यानं बंद केला.

एकच रकाना उरला होता.
संगीत:
ऐकलेलं नाही.
शेजारी माणूस झोपला होता.