पॅनेल नंबर चार

दिघीत आमचा एक फेज गेला
की अर्धी बिल्डिंग अंधारात, अर्धी मालिका बघत.
आई म्हणते, एवढी लायटीतली तू,
घरचा फेज तेवढा धरून ठेवता येत नाही.

इथे खराडीत तिन्ही असतात.
शहराचा गुरुवार इथल्या भिंतींना माहीत नाही.
लाल, पिवळा, निळा,
एकशेवीस अंशांचं अंतर राखून.
गफूर शिकलगारांनी मला आकृती काढून दिली नव्हती,
म्हणाले,
आमच्या भट्टीवर तिघं घण घालायचे, पाळीपाळीनं.
लोखंडाला उसंत नाही,
माणसाला आहे.
तीन फेज म्हणजे तेवढंच, पोरी.

रात्री दोन. पंख्यांचा एकसुरी घोंगाट.
चिमटा मीटर लावते पॅनेल चारला:
लाल बासष्ट,
पिवळा एक्केचाळीस, निळा अडतीस.
दिवसपाळीत कुणीतरी
नवे रॅक सगळे लालवर टांगलेत,
सॉकेट हाताशी होतं म्हणून.
(आमच्या घरीही असंच. हाताशी मी असते.)

परवानगी येते पावणेतीनला.
प्रत्येक सर्व्हरला दोन दोर.
एक काढायचा, दुसऱ्यावर त्याला
श्वास घेऊ द्यायचा, मग हलवायचा.
आत कुणाचं पासबुक, कुणाचे साखरपुड्याचे फोटो.
कुणालाच काही कळता कामा नये.
सातव्या रॅकला माझा हात घामेजला,
ते मी कुठेच लिहिलं नाही.

सव्वाचार.
अठ्ठेचाळीस, शेहेचाळीस, सत्तेचाळीस.
याहून सारखं भावंडांतसुद्धा होत नाही.

औंधच्या आयटीआयत पुस्तक सांगायचं:
तिघं सारखे झाले की चौथीत काही उरत नाही.
मी काळ्या वायरीला चिमटा लावला.
चौदा.
पुन्हा लावला. चौदाच.

ही यंत्रं वीज घोटाघोटानं पितात,
लाटेच्या फक्त माथ्यावर तोंड लावून.
त्यातून जी कुरकुर उरते
ती तिघांची एकमेकांत विरत नाही,
एका सुरात काळीत उतरते.
म्हणूनच शिकलगार दुकानात
काळी नेहमी एक नंबर जाड मागायचे,
आणि दुकानदार हसायचा.

नोंदवहीत रकाने तीनच, छापील.
मी पट्टी घेतली,
पेन्सिलनं चौथा आखला,
वर काही नाव न देता
चौदा लिहिलं.